सरांना न सांगितलेली गोष्ट

भाजणीचा खमंग वास आला की मला गुरुग्राममधलं ते थंडगार, काचेचं ऑफिस आठवतं. एमबीएला असताना कॉलेजने एका नावाजलेल्या उद्योजकाला माझा मार्गदर्शक नेमलं होतं. मी बनवलेलं थालिपिठाचं भिजवलेलं पीठ आठवडाभर टिकायचं, आणि ते कसं, हेच सर त्यांच्या त्या ऑफिसात गोड बोलून पुन्हा पुन्हा विचारत होते. "फुकट कोण शिकवतं गं?" हे आईचं बोलणं माझ्या डोक्यात घोळत होतं. शेवटी मी म्हटलं, "सर, वो नहीं बता सकती." ते म्हणाले, "बिल्कुल मत बताना. पहले पेटेंट के वकील से मिलो." त्यांनी सुचवलेल्या वकिलाचीही मी बाबांकडून चौकशी करून घेतली. आता त्याच कॉलेजात मी मुलांना सल्ला द्यायला जाते, आणि पहिल्याच भेटीत मला सगळं सांगून टाकणाऱ्या मुलांची मला काळजी वाटते.