तात्यांची सहा मतं

तात्या आमच्या वस्तीवर आले की आधी मीटरकडे बघायचे, मग माणसांकडे. निवृत्त वायरमन, पण खिशात टेस्टर कायम. कुणी रडगाणं लावलं की ठरलेलं बोलायचे, "आधी फ्यूज बघा, मंग देवाला दोष द्या."

माझ्या लेकीची बारावी चालू असताना वस्तीची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली. आठ दिवस लागतील, असं ऑफिसातून सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तात्या नेवाशाहून दुसरी डीपी घेऊन आले. ट्रॉलीत तिला धरून बसलेले, अंगभर फुफाटा. चहा पुढं केला तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वहिनी. पोरीला वाचू द्या."

तेच तात्या पंचायत समितीला अपक्ष उभे राहिले. दारात आले तेव्हा मीच तोऱ्यात म्हणाले, "आमच्या घरातली चारही मतं तुमची. सांगायला कशाला येता?"

मग साहेबांची सभा झाली. साहेब म्हणजे आमच्याकडे देवच! त्यांनी शेजारी उभ्या केलेल्या उमेदवार पोराचा हात वर केला आणि म्हणाले, "याला दिलेलं मत मला पोचतं." अंगावर काटा आला हो. परतताना टेम्पोत आम्ही बायका एकमेकींना विचारत होतो, त्या पोराचं नाव काय गं? एकीलाही सांगता येईना. तरी आम्ही चौघांनी बटण त्याचंच दाबलं. आपल्या चार मतांनी तात्यांचं काय अडतंय, असं मला वाटलं. वस्तीत प्रत्येकीला तेच वाटलं असणार.

तात्या पडले. दुसऱ्या दिवशी घरोघर आभार मानत फिरले. माझ्या दारात आले आणि मी मेली बोलून गेले, "आम्ही तुम्हालाच दिली हो तात्या. बाकीच्यांनी घात केला."

"व्हय वहिनी," ते खाली बघत हसून म्हणाले, "ठावं हाय मला."

संध्याकाळी नवऱ्यानं आमच्या केंद्राचा आकडा सांगितला. तात्यांना सहा मतं. त्यांच्या घरातच सहा मतदार. आणि मोजणीच्या टेबलापाशी तात्या स्वतः बसले होते.

पुढं आमचा मीटर जळाला, तेव्हा त्यांना बोलवायला माझी जीभ रेटेना. शेजारणीकडून कळलं तसे आपणहून आले, काम करून गेले, मतांचा शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

आता तात्या नाहीत. लोक म्हणतात, माणूस गेला आणि खरं सांगायचं राहिलं. माझं तेही नाही. त्यांना खरं माहीतच होतं. माझं खोटं ऐकून घेताना त्यांनी मान खाली घातली होती, माझ्या वाटची.