तात्यांची तहान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनासुद्धा नाही — ते गेले, तोवर नाही. आज तुम्हाला का सांगतेय? मलाच ठाऊक नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. लालबागच्या चाळीत आमची एक खोली. तीत हे, मी आणि माझे सासरे — तात्या. गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवण्यात त्यांचा जन्म गेलेला. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि तात्यांची लघवी अडली. परळच्या इस्पितळात रबराची नळी घातली. ऑपरेशन करायचं, पण आधी अंगात ताकद येऊ दे म्हणाले, आणि नळीसकट घरी पाठवलं. नळीचं टोक खाटेखालच्या बाटलीत. निघताना नर्सबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं — भरपूर पाणी पाज गं, पाणी कमी पडलं की नळी तुंबते, मग फार वाईट होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं नाही. हे आधीच सांगून ठेवते.

बाटली हेच रिकामी करायचे. मग सत्याग्रहाच्या तुकडीत ह्यांचं नाव आलं. ह्यांचा पाय घरातून निघेना. तात्याच म्हणाले, जा तू, सूनबाय आहे ना. हे तुरुंगात गेले आणि बाटली माझ्याकडे आली.

संडास गॅलरीच्या टोकाला. पदराखाली बाटली धरून सगळ्या दारांवरून जायचं — दारात बसलेले पुरुष, नळावरच्या बाया. पहिल्याच खेपेला मला वाटेत उमासे आले. परत आले तेव्हा तात्या माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तोंड फिरवलं. पण त्यांना दिसायचं ते दिसलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते पाणी नको म्हणू लागले. "तहान नाय गो, पोरी."

खोटं होतं ते. ओठांना भेगा पडलेल्या, बोलताना जीभ टाळूला चिकटायची. माझी खेप वाचावी म्हणून तो माणूस तहान मारत होता — आणि मला ते कळत होतं. मग मी काय केलं? एकदाही आग्रह केला नाही. बाटली कमी भरायची, मला बरं वाटायचं. हो, बरं वाटायचं. आणि पुढे — कसं सांगू? — उशाशी तांब्या ठेवायचे, तोही मी अर्धाच भरून ठेवू लागले.

लघवी गढूळ झाली, वास मारू लागली. मी बाटली विसळली आणि गप्प बसले. मग नळीतून काही येईचना. पोट टम्म फुगलं, हुडहुडीनं खाट हलायला लागली. तेव्हा कुठे मी शेजारच्यांना हाक मारली. चाळीतल्या माणसांनी उचलून इस्पितळात नेलं.

नर्सबाई त्याच. नळी बदलली तर आतून पू आला. त्यांनी मला विचारलं, "पाणी पाजत होतीस ना?"

"हो," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. तापानं तात्यांचे डोळे उघडत नव्हते. तरी खाटेवरून तेच बोलले, "पाजत होती, बाय. मीच पीत नव्हतो. पोरीक काय बोलू नका."

ताप उतरलाच नाही. रक्तात विष भिनलं, असं डॉक्टर म्हणाले. हे सुटून आले, ते सगळं आटोपल्यावर. एवढंच विचारलं — शेवटी फार त्रास झाला का? मी नाही म्हटलं.

पुढे महाराष्ट्र झाला. चाळीच्या पटांगणात तुरुंगात गेलेल्यांचा सत्कार होता. हे बोलायला उभे राहिले. म्हणाले, मी निर्धास्त गेलो, कारण माझ्या बापाचं हिनं लेकीसारखं केलं. टाळ्या पडल्या. मलाही पुढे बोलावलं. मी जागची हलेना, तर शेजारणीनं कोपरानं ढोसलं — लाजतेस काय, जा गो.

मी उठले, पुढे गेले आणि पदर पसरून नारळ घेतला.