कुट्टी मशीनचा उलटा छाप

घाटंजीत मी घरांचे नकाशे काढतो, बांधकामाच्या परवानगीसाठी लागतात तसे. रिकाम्या वेळात मात्र लोक ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत अशा वस्तू त्याच पद्धतीनं काढतो. समोरून, वरून, मधोमध कापल्यासारख्या, मापांसकट. मग ते चित्र लिनोलियमवर कोरायचं, शाई फिरवायची आणि कागदावर छाप घ्यायचा. हापशीचा दांडा झाला, बंडीचं चाक झालं. मागच्या हिवाळ्यात ढोरांचा कडबा कापायची कुट्टी मशीन घेतली.

ती जवळच्या तांड्यावरच्या एका मावशींच्या अंगणात होती. तीन दिवस मी तिथं टेप घेऊन बसलो. बोल्ट मोजले, पात्यांचा बाक मोजला. कडबा आत ओढणाऱ्या दोन दातेरी रोलरमधली फट तर बोट घालून पाहिली. मावशी चहा आणून द्यायच्या आणि मोटरचं बटण बंद आहे ना, हे दरवेळी बघून जायच्या. स्वभावच काळजीचा असेल, असं मला वाटलं.

छाप झाल्यावर एक प्रत त्यांना द्यायला गेलो. त्यांनी बराच वेळ पाहिली.

"हे उलटं हाय," त्या म्हणाल्या.

खरंच होतं. छाप सुलट यायला चित्र उलटं कोरावं लागतं, तेच मी विसरलो होतो. डावीकडचं चाक उजवीकडे गेलं होतं. मी ओशाळून, दुसरा करून देतो म्हणालो.

"मशीन अशी असती, तर माहा डावा हात गेला असता," त्या म्हणाल्या, आणि पदराखालून उजवा हात बाहेर काढला. मनगटाच्या पुढं काहीच नव्हतं.

रोलरचे दात किती, हे मला पाठ होतं. समोरच्या बाईचा हात मला तीन दिवसांत दिसला नव्हता. चहा रोज डाव्या हातानं आला होता, आणि मी वर न बघता कप घेतला होता. मशीन विकून का टाकली नाही, एवढंच विचारलं.

"ढोरं काय खातीन मंग?" त्या म्हणाल्या. "आता सून कुटते. चित्र राहू द्या भाऊ. मशीनच्या तोंडाले झाकण बसवता येते काय, ते पाहा."

दुसऱ्याच दिवशी परत मापं घेतली. गावातल्या वेल्डरनं माझ्या नकाशावरून पत्र्याचं बोगद्यासारखं झाकण केलं. पहिलं अरुंद झालं, कडबा अडकायला लागला. दुसरं बसलं. सुनेनं मोटर बंद ठेवून खांद्यापर्यंत हात आत घातला. बोटं रोलरपर्यंत पोचली नाहीत. मावशींनी तिला आणखी एकदा घालायला लावला. मग मोटर सुरू करायला सांगितली आणि स्वतः दोन पावलं मागं सरकून उभ्या राहिल्या.