नावाखालचा व्हॉल्व्ह

धम्मपाल चांगला माणूस आहे असं मी कधी म्हणणार नाही. वाळूजच्या आमच्या शेडमध्ये मिनीबसच्या सांगाड्यावर फिरत्या घरासारख्या गाड्या बांधतात. तो तिथे फिटर, मी पेंटर. माझ्या रंगात धुळीचा कण दिसला की हा चारचौघांत सांगणार. मी जेवायला बोलावलं तर पाठ फिरवून बसणार. डोक्यात जातो.

टाक्यांच्या कामात तर फारच हट्टी. अशा गाडीखाली दोन टाक्या असतात, एक संडासची आणि दुसरी मोरी-बेसिनच्या पाण्याची. दोन्ही एकाच पाइपात उतरतात, पण व्हॉल्व्ह वेगवेगळे. आधी संडासची रिकामी करायची, मग मोरीची, म्हणजे साबणाचं पाणी पाइप धुऊन काढतं. धम्मपाल दोन्हींचे दांडे ड्रायव्हरच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, छोट्या झाकणाआड आणायचा. उभ्याउभ्या कुणालाही ओढता आले पाहिजेत, म्हणायचा. 'कुणालाही' म्हणताना आवाज चढायचा. त्याच्या आज्याने पिशोरला गावाची मेलेली ढोरं ओढणं बंद केलं आणि त्यापायी गाव सोडलं होतं.

आप्पासाहेब आपली गाडी बघायला आले तेव्हा पायात पांढरे बूट होते. दौलताबादला मोठी शेती, आणि आवाज असा की शेड यांच्याच बापाची. गाडीच्या दोन्ही अंगांना पुढून मागपर्यंत त्यांना स्वतःचं नाव हवं होतं, आणि ते झाकण नेमकं अक्षरांच्या मध्ये येत होतं.

"हे काढा. दांडे गाडीच्या पोटात घ्या."

"मंग माणसाला चिखलात झोपून वढावं लागंल," धम्मपाल म्हणाला.

"मिळतो की माणूस." त्यांनी धम्मपालच्या मोटरसायकलीवरच्या निळ्या चक्राकडे बघितलं आणि हसले. "तुमच्यातलाच एखादा सांगा."

धम्मपालने पाना खाली ठेवला. "म्या नाय बसवणार."

शेडचा मालक रामकिसन याने सगळ्यांदेखत त्याची आई-बहीण काढली आणि दुसऱ्याकडून दांडे खाली बसवून घेतले. नाव मी रंगवलं, सोनेरी. फार सुरेख झालं, याचाच आता संताप येतो.

पुढच्याच महिन्यात दौलताबादच्या शेतातून फोन आला. आप्पासाहेबांकडे व्याही आले होते, मुक्काम हौसेने गाडीत. टाकी भरून संडास वर आला होता, दगड लागून दांडा वाकला होता, आणि ड्रायव्हरने हात वर केले होते.

"जा आन् काढ," रामकिसन धम्मपालला म्हणाला, "नायतर उद्यापासून शेडवर दिसू नको." मला बरोबर धाडलं, हा मधूनच पळू नये म्हणून.

शेतात सगळे नाकाला रुमाल लावून उभे होते. पाइप सेप्टिक टँकला जोडून तयार होता. धम्मपालने वाकून टॉर्च मारला. "वाकलाय, पन तुटला नाय. पाना लावून वढला की निघंल."

"मग घुस की खाली!" आप्पासाहेब ओरडले.

धम्मपालने पिशवीतून पाना आणि रबरी हातमोजे काढून त्यांच्यापुढे धरले. "सामान माझं. हात तुमचे."

"माजलास का रे? तुझी नोकरी खातो की नाय बघ!"

"खावा. आज्यानं गाव सोडलं, मला नुसती शेड सोडायचीय."

मला वाटलं, आता मार खाणार हा, आणि मीही. तेवढ्यात आप्पासाहेबांच्या पत्नी पारूबाई खुर्चीवरून उठल्या. व्याह्यांपुढे गेलेल्या अब्रूने त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"बघता काय नुसते? त्यात तुमचं बी हाय."

कुणी हसलं नाही. आप्पासाहेबांनी हातमोजे हिसकावून घेतले आणि आडवे होऊन आत सरकले. वर माझी सोनेरी अक्षरं, खाली बाहेर राहिलेले पांढरे बूट. मला उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू?

"आधी संडासचा," धम्मपाल खिशात हात घालून सांगत होता. "वढा. आजून. वर ठिवला आस्ता तर उभ्याउभ्या वढला आस्ता, मालक."