भाऊ केला का?

फोन वॉर्डातून आला, आणि तोही बातमी सांगायला नव्हे. "ताई, सुधाकरभाऊच्या नावाच्या दोन पिशव्या वापस घ्या." मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. राखून ठेवलेलं रक्त न वापरता का परत येतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती... महिना होत आला, तो फोन अजून कानातून जात नाही.

भाऊ आमच्या रुग्णालयात कॉम्प्युटर सांभाळायचे. राहायला पिपरी मेघेला, स्वभावाने तिरसट. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बाहेरच्या कंपनीचा नवा प्रोग्राम आला तेव्हा आम्ही पेढे खात होतो आणि हे तोंड वाकडं करून म्हणत होते, "आतलं काई दाखवत नाई हे लोक." खरंच होतं ते. डेटाबेसच्या आत साठवलेला कोड कंपनीने कुलूपबंद करूनच दिला होता.

मग एक दिवस वडनेरच्या शोभाबाई शस्त्रक्रियेच्या टेबलावर होत्या आणि त्यांच्यासाठी काढलेलं रक्त जुळेना. गट मीच तपासला होता, ओ. टाइपही मीच केला होता. पडद्यावर मात्र बी! जुळवणीत चूक सापडली म्हणून बाई वाचल्या, ओच्या पिशव्या आम्ही धावत पोचवल्या. पण ठपका माझ्यावर आला. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "आमच्याकडे एकही एरर दिसत नाही. मॅडमनीच चुकीचं टाकलं असेल." चूक कबूल केल्याचा कागद रुग्णालयाच्या साहेबांनी माझ्यापुढे सरकवला, संध्याकाळी पाचपर्यंत सही हवी होती. सही केली की नोकरी गेलीच. खरं सांगते, तोवर मला माझीच शंका यायला लागली होती.

"सही नको करू," भाऊ म्हणाले.

"पण भाऊ, माह्याच हातून झालं असन तं?"

"तं मीच सांगीन तुले. आधी पाहू तं दे."

कोड उघडता येत नव्हता, म्हणून त्यांनी डेटाबेसवरच पाळत ठेवली. त्याला मिळणारा प्रत्येक हुकूम आणि त्याने दिलेलं उत्तर एका फाइलीत उतरवून घ्यायची सोय होती, ती सुरू केली. मग स्वतःचंच नाव दोनदा भरलं, एकदा बी गट, एकदा ओ. दोन्ही वेळा पडद्यावर आलं, 'नोंद झाली'. पुन्हा उघडलं तर बीच! फाइलीत मात्र दुसऱ्या वेळचा नकार स्पष्ट होता : हे नाव आधीच आहे. जुनी रजिस्टरं काढली, तर वडनेरात शोभाबाई दोन निघाल्या, आडनाव तेच, नवऱ्याचं नावही तेच. एका गावात असं असू शकतं, हे कंपनीच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसरीची नोंद डेटाबेस नाकारत होता, कोड तो नकार गुपचूप गिळत होता आणि आम्हाला पहिलीचा गट दाखवत होता. पाचला दहा मिनिटं होती. भाऊंनी फाइलीची छापील प्रत साहेबांच्या टेबलावर आपटली. "एरर नाई म्हने! एरर हाय साहेब, सांगून नाई राह्यला."

साहेबांनी माझा कागद फाडला. मी बाहेर येऊन रडले, तर भाऊ खेकसले, "रडून काऊन राह्यली? जुन्या नोंदी तपासाच्या हायेत, चाल."

तेव्हापासून नोंद झाली की ती पुन्हा उघडून पाहायची, हा भाऊंचा दंडक. पुढे तो प्रोग्राम गेला, भाऊ निवृत्त झाले, तरी आमच्याकडच्या नव्या मुली एकमेकींना विचारतात, "भाऊ केला का?" त्यातल्या कित्येकींनी त्यांना पाहिलेलंही नाही.

फोन आला त्या दुपारी दोन्ही पिशव्या माझ्यापुढे आल्या. परतीचं कारण भरावंच लागतं. मी टाइप केलं, 'रुग्ण मृत'. पडद्यावर आलं, 'नोंद झाली'. हाताने सवयीने ती नोंद पुन्हा उघडली... आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाटलं, ती झालेली नसली तर बरं.

झाली होती.