बिनआरेची गाडी

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत, भाताची झोडणी उरकली की आमच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या घट्ट वाळूत बैलगाड्यांच्या शर्यती लागत. हाकणाऱ्याच्या पराणीला, म्हणजे काठीला, टोचायची लोखंडी आर असे, आणि जिंकलेल्या जोडीचे पुठ्ठे बहुधा रक्ताळलेले असत. हे थांबावं म्हणून आम्ही काही जणांनी मंडळ काढलं होतं. आम्ही म्हणजे गिरीज गावाकडचे वाडीवाले बागायतदार आणि शाळेतले शिक्षक. आमच्यातल्या कुणाचाच बैल कधी शर्यतीत पळाला नव्हता. अध्यक्ष एक वकील होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाषण सुरेख करायचे. पण भाषणांपलीकडे काही घडत नव्हतं आणि सभेला येणारी माणसं आटत चालली होती.

मग भाऊंनीच सुचवलं की एक तरी गाडी आर न लावता पळवायची. ती कितवीही येवो, बक्षीससमारंभात आपण त्या गाडीवानाला फेटा बांधायचा. गास गावच्या एका शेतकऱ्याची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून त्याला गळ घालायला मला पाठवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बायकोकडे पाहिलं.

"बाई, हरलो त लोक हसतील. तवा तुमी असाल ना?"

"आम्ही सगळे असू," मी म्हटलं. "भाऊ स्वतः फेटा बांधतील."

शर्यतीत त्याची गाडी सुरुवातीपासूनच मागे पडली आणि सगळ्यात शेवटी आली. पोरं शिट्ट्या मारत होती. पुढच्या खेपेला शेळ्या जुंप, असं कुणीतरी ओरडलं. तो खाली उतरला आणि बैलांची वेसण धरून मांडवाच्या कडेला उभा राहिला.

आयोजकांनी त्या सकाळी भाऊंना प्रमुख पाहुणे केलं होतं, हे आम्हाला तिथं गेल्यावर कळलं. भाऊंनी पहिल्या आलेल्या गाडीवानाला हार घातला. त्याच्या बैलांच्या मांड्यांवर माशा बसत होत्या. मग आपल्या मातीतल्या बैलांच्या मर्दुमकीवर भाऊ भरभरून बोलले. फेटा माझ्या पिशवीत होता. मी मंचाच्या कडेला जाऊन त्यांना आठवण करून दिली. त्यांनी माझ्याकडे न पाहता हातानं थांबायची खूण केली. मी थांबले. समारंभ संपला, गर्दी पांगली, तेव्हा तो शेतकरी मांडवाच्या कडेला नव्हता.

पुढच्या सभेत मी विचारलं, "भाऊ, आपण त्याला शब्द दिला होता. त्याचं काय झालं?"

भाऊ शांतपणे म्हणाले की आयोजकांत बसल्याशिवाय ते आपलं ऐकणार कसे. आणि शेवटच्या गाडीला फेटा बांधला असता तर लोक मंडळाला हसले असते.

"लोक हसलेच," मी म्हटलं. "फक्त त्याला हसले. आपण वाचलो."

मग मंडळ तुम्हीच चालवा, असं म्हणून भाऊ उठले. त्यांच्यामागून बरेचसे गेले. आम्ही तिघं उरलो.

रविवारी आम्ही फेटा घेऊन गासला गेलो. त्याची बायको दारात आली. ते वाडीला पानी लावायला गेलेत, म्हणाली. एवढ्यात आतून तो खोकला. आम्ही तिघांनी ऐकलं, तिनंही ऐकलं, आणि तिनं मान खाली घातली. तिच्या मुलीनं तांब्याभांडं आणून पुढं ठेवलं. माझ्यासोबतचे गुरुजी क्षमा मागायला लागले तशी ती बाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या गुरुजी. पानी घ्या." आम्ही पाणी प्यायलो. फेटा पुढं करायचं धाडस कुणाला झालं नाही. ज्या माणसाला आम्ही भर गर्दीत एकटं सोडलं, त्याच्याच अंगणात त्याच्याच घरचं पाणी पिऊन आम्ही परत निघालो.

मंडळ त्यानंतर जेमतेम वर्षभर टिकलं. शर्यती होतच राहिल्या. तो पुन्हा उतरला नाही. बैल नांगराला लावतो, एवढं त्याच्या मुलीकडून कळलं. ती वर्गात पहिल्यासारखी यायची, पहिल्यासारखी हसायची. घरी काय बोलणं झालं असेल, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही.