उभं केलेलं लाकूड

उन्हाळ्यात आमचा जुना तलाव आटला की पाण्यात शिरलेला जमिनीचा एक पट्टा उघडा पडतो. तीन बाजूंनी पाणी, मधे कधीकाळच्या देवळाचे घडीव दगड, आणि पावसाळ्यात जंगलातून वाहून आलेली लाकडं. साल गेलेली, ऊन-पाणी खाऊन राखेच्या रंगाची झालेली. मला त्यांचे फोटो काढायचं वेड आहे. आमच्या ह्यांना त्याचं हसू येतं. "लोकं सरपण वेचून राहिले अन् तू फोटो काढून राहिली. फोटोनं चूल पेटते का वो?" तरी आमच्या नागपूरकडच्या गोरेगावहून मोटरसायकलवर मला घेऊन येतात तेच.

यंदा माझ्या छातीतल्या गाठीचा तुकडा नागपूरला तपासायला दिला होता. रिपोर्ट यायला वेळ होता. घरात बसून जीव टांगणीला लागला, म्हणून मीच म्हटलं, चला तलावावर. तिथं माणसाच्या उंचीचा एक सागाचा ओंडका सापडला. आडवा काही केल्या फोटोत नीट येईना. मग दोघांनी मिळून तो उभा केला, बुडाशी दगड लावले. फोटो झकास आला. सांज होत आली होती, ओंडका तसाच सोडून निघालो.

इथंच चुकलं. आमच्याकडे उभं लाकूड अन् उभा दगड बिनकुंकवाचे राहत नाहीत. दोन दिवसांनी येऊन पाहते तर ओंडक्याला शेंदूर फासलेला, पुढ्यात फोडलेला नारळ, उदबत्तीच्या काड्या, उन्हाळी धानाच्या लोंब्यासुद्धा! माझं डोकंच फिरलं.

"घ्या, झाला देव! उद्या जत्रा भरवतील इथं. पाडा तो आधी."

पाण्याची बाटली गाडीला अडकवलेली राहिली होती, ती आणायला मी गेले. परत येते तर हे चपला काढून ओंडक्यासमोर उभे. हात जोडलेले. सत्यनारायणाला फक्त प्रसादापुरता येणारा हा माणूस! मी अगदी मागे येऊन थांबले तरी त्यांना पत्ता नव्हता.

"तिले काही होऊ नको देजो रे बाप्पा," हे पुटपुटत होते. "काय घ्याचं ते माझं घे."

मी म्हटलं, "अहो, परवा आपणच उभा केला ना हा?"

हे दचकले. डोळे पुसत म्हणाले, "माहीत आहे मले. मीच तं बुड धरलं होतं." मग खाली बघत हळूच म्हणाले, "पण रिपोर्ट येतवरी राहू दे ना वो."

इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. आठवडाभर मला हसवत होते, ते सगळं ह्या भीतीवर पांघरूण होतं. फार माया आली मला त्यांची.

ओंडका जरासा कलला होता. मी खाली बसले आणि वाऱ्यानं पडू नये म्हणून त्याच्या बुडाशी आणखी दगड रचले.